भिंतीवरच्या फ्रेमा: मुंबईतली पेट शॉप, बोर्डिंग, दवाखाने आणि रेस्क्यू, परवान्यांच्या कसोटीवर

मुंबईतल्या बऱ्याच पेट शॉपमध्ये आणि बोर्डिंगमध्ये (मालक गावी गेला की पैसे घेऊन प्राणी सांभाळणाऱ्या जागांमध्ये) काउंटरमागच्या भिंतीवर तीन-चार फ्रेमा टांगलेल्या असतात. गुमास्ता, जीएसटीचा दाखला, केनेल क्लबचं प्रमाणपत्र आणि एखाद्या वर्कशॉपला हजर राहिल्याचं सर्टिफिकेट. गिऱ्हाईक त्यांच्याकडे एक नजर टाकतं आणि निर्धास्त होतं. प्राण्याला पाणी किती वेळा मिळतं, पिंजरा केवढा आहे, आजारी पिल्लू वेगळं ठेवतात का, यातलं काहीही या चार कागदांपैकी एकानेही तपासलेलं नसतं.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. महाराष्ट्राच्या २०१७च्या कायद्यानुसार कामगारांची संख्या ठरावीक मर्यादेखाली असेल तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. बँकेत चालू खातं उघडायला ती कामाची आहे. जीएसटी हा कर. केनेल क्लबचा कागद कुत्र्याचा वंश सांगतो, विकणाऱ्याबद्दल काही सांगत नाही. म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नसून सेवेच्या प्रकारांचं आहे: कोणत्या कामाला कोणता परवाना लागतो, तो समोर ठेवल्यावर त्यात काय बघायचं, आणि कुठे कायद्याचं छप्परच गळतं.

पेट शॉप आणि ब्रीडर

कागदावर हा भाग सर्वांत मजबूत आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याखाली दोन स्वतंत्र नियमावल्या आहेत: कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यासाठी २०१७ची, आणि पेट शॉपसाठी २०१८ची. दोन्हींत नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे करायची असते. पेट शॉपची नोंदणी पाच वर्षांची, ब्रीडरची दोन वर्षांची. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, त्यामुळे "कपाटात आहे, नंतर दाखवतो" हे उत्तर आलं की तिथेच पहिला गुण कापावा. एका मालकाची दोन दुकानं असतील तर दोन नोंदण्या लागतात. प्रमाणपत्रावरचा पत्ता आणि तुम्ही उभे आहात तो पत्ता एकच आहे का, हे पाहायला दहा सेकंद पुरतात.

२०१८च्या नियमांतली पेट शॉपची व्याख्या चांगली रुंद आहे. आठवडी बाजारातली जागा तिच्यात येते आणि इंटरनेटवरून होणारी विक्रीसुद्धा येते. व्हॉट्सॲपवर पिल्लांचे फोटो टाकून स्टेशनबाहेर 'डिलिव्हरी' देणारा माणूस "माझं दुकानच नाही" म्हणून सुटत नाही. उलट, ज्या दुकानात फक्त खाद्य, पट्टे आणि खेळणी मिळतात त्याला ही नोंदणी लागत नाही. पाटीवर 'पेट शॉप' लिहिलेलं असलं म्हणजे ते कायद्याने पेट शॉप झालं असं समजू नये.

आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, आणि मुंबईच्या बाजारात सर्वांत जास्त वाकवला जाणारा नियम हाच. "पंचेचाळीस दिवसांचं झालंय, अगदी घ्यायच्या वयाचं" हे वाक्य विकणारे इतक्या सहज म्हणतात की ते स्वतःच नियमभंगाची कबुली देताहेत हे त्यांच्याही लक्षात येत नाही. आठ आठवड्यांचं कारण भावनिक नाही. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती या सुमारास ओसरत असते आणि लसीची अजून पुरती आलेली नसते. नेमक्या त्या फटीत पिल्लू आईपासून तोडून दहा ठिकाणच्या पिल्लांमध्ये ठेवलं की पार्व्हो या जीवघेण्या विषाणूला आयतं सावज मिळतं. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू शिकतं, तेही याच दिवसांत.

वय ओळखायला तोंड उघडून बघा. आठ आठवड्यांच्या पिल्लाला दुधाचे २८ दात जवळपास पूर्ण आलेले असतात. पुढचे बारीक दात आणि सुळे दिसताहेत पण मागच्या बाजूला नुसती हिरडी आहे, तर सांगितलेल्या वयावर विश्वास ठेवू नका. मग लसीचं कार्ड. पहिली एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर "सगळ्या लसी झाल्या, रेबीजसकट" असं लिहिलेलं असेल तर कार्ड दुकानातच भरलं गेलं आहे असं खुशाल समजा. खऱ्या कार्डावर लसीच्या बाटलीचं स्टिकर असतं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकासह शिक्का.

ब्रीडरकडून कुत्रा घेत असाल तर मायक्रोचिप मागा. तांदळाच्या दाण्याएवढी चिप खांद्यांच्या मधोमध कातडीखाली असते आणि पंधरा आकडी क्रमांक देते. रीडर तुमच्यासमोर फिरवायला सांगा आणि आकडा बिलावरच्या आकड्याशी ताडून बघा. बिल देणं हाही नियमच आहे. सहा महिन्यांपेक्षा मोठा कुत्रा नसबंदीशिवाय विकता येत नाही, घेणारा दुसरा नोंदणीकृत ब्रीडर असेल तरच सूट. मादीच्या बाबतीत नियम आणखी नेमके आहेत: अठरा महिन्यांच्या आत आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षातून एकदाच, आणि आयुष्यात पाच विणींपेक्षा जास्त नाही. म्हणून "आई दाखवा" हा प्रश्न जरूर विचारा. आई दाखवत नाहीत तेव्हा ती बहुधा तिथे नसते, आणि समोरचा माणूस ब्रीडर नसून दलाल असतो.

पक्ष्यांकडे वळताना कायदा बदलतो. कंठवाला पोपट, मुनिया, तारांकित कासव हे आपल्याकडचे वन्यजीव आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते विकणं, विकत घेणं आणि पाळणं तिन्ही गुन्हे आहेत, आणि विकणाऱ्याबरोबर घेणाराही सापडतो. "पिंजऱ्यात जन्मलेला आहे" ही सबब देशी पोपटाला लागू होत नाही. परदेशी जातींत बजरीगर आणि कॉकटील यांना वेगळी नोंद लागत नाही. आफ्रिकन ग्रे, मकाव, बॉल पायथन यांच्यासाठी मात्र २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी हवी. दुकानदाराने "ते नंतर तुमच्या नावावर करून घ्या" म्हटलं तर आधी त्याच्या नावावरची नोंद मागा. तीच नसेल तर तुमच्या नावावर कशावरून होणार?

एकूण मत: नियम म्हणून पाचपैकी चार, अंमल म्हणून जेमतेम दीड.

बोर्डिंग आणि डे-केअर

गणपतीत गावी, दिवाळीत कुठे तरी, मे महिन्यात पुन्हा गावी. मुंबईकराला बोर्डिंग लागतं ते याच तीन मोसमांत, आणि भरमसाट भाडं देऊनही त्याला सर्वांत कमी कायदेशीर संरक्षण मिळतं ते इथेच.

२०१७च्या नियमांत 'ब्रीडर'च्या व्याख्येत बोर्डिंग केनेल चालवणाऱ्याचाही उल्लेख आहे, पण नियमावलीचा सगळा ओघ प्रजनन आणि विक्रीकडे आहे. पाहुण्या कुत्र्याला दिवसातून किती वेळा बाहेर काढायचं, रात्री माणूस हवा की नको, एका माणसामागे किती कुत्रे, यावर ती गप्प आहे. मांजरं तर तिच्यात नाहीतच. परिणामी, सोसायटीच्या तळमजल्यावरच्या वन बीएचकेत दहा कुत्रे ठेवणारा आणि मढ-गोराईकडे मोकळ्या जागेत नीट बांधलेलं केनेल चालवणारा, दोघांच्या भिंतीवर कागद तेच दिसतात: गुमास्ता आणि जीएसटी.

मग भरवसा कशावर ठेवायचा? दोन गोष्टींवर: जागेची पाहणी आणि करार.

पाहणी ठरवून आणि आत जाऊन करा. "इतर कुत्रे बिथरतात म्हणून आत सोडत नाही" हे काही अंशी खरं असतं, पण मग व्हिडिओ कॉलवर झोपायची जागा तरी दाखवता आली पाहिजे. बाहेरचं दार आणि कुत्र्यांची जागा यांच्यामध्ये दुसरं दार आहे का ते आधी बघा. कुत्रे पळून जातात ते बहुतेक पार्सलवाला आल्यावर उघडलेल्या एकुलत्या एका दारातून. पावसाळ्यात फरशी कोरडी राहते का, आणि उंदीर येतात का, हे स्पष्ट विचारा. मुंबईत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) मुख्यतः उंदरांच्या लघवीतून पसरतो, त्यामुळे लेप्टोचा डोस न विचारता कुत्रा ठेवून घेणारं बोर्डिंग इतर बाबतींतही ढिलं असणार. जिथे प्रवेशापूर्वी लसीचं कार्ड, गोचीड-पिसूचं औषध दिल्याची तारीख आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस विचारतात तिथे तुमच्या कुत्र्याशेजारचा कुत्राही तपासूनच आलेला असतो. चौकशीचा त्रास वाटतो, पण त्याचेच पैसे द्यायचे आहेत.

मांजरांच्या खोलीत शिरताना वास घ्या. फिनाईलचा दर्प आला तर परत फिरा. फिनॉल पचवणारी विकरं मांजरांच्या यकृतात पुरेशी नसतात. पंजांना लागलेलं चाटून पोटात जातं आणि विषबाधा होते. वर, पार्व्हो आणि मांजरांचा पॅनल्यूक हे विषाणू फिनाईलला फारशी दाद देत नाहीत. त्यासाठी साधं ब्लीच लागतं: आधी साबणाने घाण काढायची, मग एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी या मापाने ओल्या फरशीवर दहा मिनिटं राहू द्यायचं आणि नंतर धुवून टाकायचं. हे माप कामाला असलेल्या मुलाला तोंडपाठ असेल तर ते बोर्डिंग चांगलं, भिंतीवर काहीही असो.

करार. बहुतेक ठिकाणी एक पानी फॉर्म असतो आणि त्यात "कोणत्याही दुखापतीस, आजारास वा मृत्यूस संचालक जबाबदार नाहीत" अशी ओळ छापलेली असते. या ओळीने घाबरून जायचं कारण नाही. कायद्याच्या नजरेत पाळीव प्राणी ही मालमत्ता आहे आणि ती सांभाळायला देणं म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ मधला निक्षेप. कलम १५१ नुसार, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी सांभाळणाऱ्याने घेतलीच पाहिजे. छापील ओळ हलगर्जीपणाला ढाल होत नाही. तरीही फॉर्मवर पेनाने काही गोष्टी लिहून घ्या आणि दोघांच्या सह्या करा: नेहमीच्या डॉक्टरांचा नंबर, फोन लागला नाही तर किती रुपयांपर्यंत उपचार करायची परवानगी, औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये आणि वेळेसह, इतर कुत्र्यांसोबत मोकळं सोडायचं की नाही, आणि रात्री जागेवर राहणाऱ्या माणसाचं नाव. शेवटच्या रकान्यात जर फक्त "स्टाफ" असं लिहिलं तर रात्री तिथे कोणी नसतं.

घरगुती बोर्डिंगमध्ये सोसायटीची परवानगी हा वेगळाच फास आहे. प्राणी पाळायला सोसायटी मनाई करू शकत नाही, पण राहत्या फ्लॅटमध्ये व्यवसाय चालवायला हरकत घेऊ शकते. ऐन गणपतीत भांडण पेटलं तर तुमचा कुत्रा रातोरात दुसऱ्या पत्त्यावर हलवला जातो आणि ते तुम्हाला परतल्यावर कळतं. करारात पत्ता लिहा, आणि "पत्ता बदलल्यास आधी कळवणे" हेही.

ग्रूमिंग

यालाही खास परवाना नाही. धोका मात्र एकाच ठिकाणी साठलेला आहे: ड्रायर. पग, शिह त्झू, पर्शियन अशा बसक्या नाकाच्या प्राण्यांना बंद पिंजऱ्यात गरम हवा लावली की मुंबईच्या दमटपणात उष्माघाताला वेळ लागत नाही, कारण ते धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतात आणि दमट हवेत ते साधत नाही. हातातला ड्रायर, थंड हवा, आणि काच असलेली खोली, एवढं पाहून घ्या. "चावरा असेल तर हलकं इंजेक्शन देऊ" असं सलूनमध्ये कोणी म्हटलं तर तिथून उठा. भूल फक्त नोंदणीकृत पशुवैद्यच देऊ शकतो.

दवाखाने

हा विभाग सर्वांत सुस्थितीत आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार राज्य परिषदेकडे नोंद असलेला पदवीधरच उपचार करू शकतो. डिप्लोमाधारकाला किरकोळ सेवा आणि त्याही देखरेखीखाली. बी.व्ही.एस्सी. ही पदवी आणि परिषदेचा क्रमांक पाटीवर, प्रिस्क्रिप्शनवर आणि लसीच्या कार्डावर एकच हवा. पेट शॉपच्या मागच्या खोलीतलं 'क्लिनिक' असेल तर जास्त सावध: डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात आणि उरलेले दिवस टोचतो काउंटरवरचा मुलगा, असा प्रकार तिथे होऊ शकतो.

दोन खुणा पटकन दिसतात. लसींच्या फ्रिजला थर्मामीटर आहे का (दोन ते आठ अंश), आणि त्यात दह्याचा डबा नाही ना. दुसरी खूण कचऱ्याची. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत. शस्त्रक्रियेतला कचरा पिवळ्या पिशवीत, सुई काढलेली सिरिंज आणि नळ्या लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात. सगळं एकाच काळ्या पिशवीत जात असेल तर आतली निर्जंतुक अवस्था काय असेल याचा अंदाज करा.

बिलाबद्दल: पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचार सेवेला जीएसटीतून सूट आहे, ग्रूमिंग आणि बोर्डिंगला नाही. तपासणी फीवर कर लावलेला दिसला तर कशाबद्दल, ते विचारा.

पेट टॅक्सीबद्दल एवढंच की पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्याने चालत असेल तर अपघातानंतर विम्याची कंपनी हात वर करू शकते. पिवळी प्लेट बघा.

रेस्क्यू आणि निवारे

मुंबईत प्राणी वाचवण्याचं संस्थात्मक काम जुनं आहे. इथली प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था १८७४ची आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३चं. आजचं रेस्क्यू मात्र बहुतांशी मोबाइलवर चालतं, आणि तिथे 'रजिस्टर्ड एनजीओ' हे दोन शब्द वाजवीपेक्षा जास्त वजन उचलतात.

धर्मादाय आयुक्तांकडची नोंद किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी म्हणजे पैसे गोळा करून हिशेब ठेवण्याची चौकट. तिथे कुणी पिंजरे मोजायला येत नाही. भटक्या कुत्र्यांची नसबंदी करायची असेल तर २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं प्रकल्प मान्यता प्रमाणपत्र लागतं. "आम्ही मंडळाशी संलग्न आहोत" हे वाक्य आणि हे प्रमाणपत्र या दोन भिन्न गोष्टी आहेत. नसबंदीसाठी वर्गणी मागत असतील तर दुसरीची प्रत मागा. ज्यांच्याकडे ती असते ते लगेच पाठवतात.

देणगीचं तर साधं आहे. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर संस्थेचं नाव यायला हवं, व्यक्तीचं आलं तर थांबा. ८०जी (देणगीदाराला प्राप्तिकरात वजावट मिळवून देणारी मान्यता) असल्याचं सांगणारी संस्था वर्ष संपल्यावर फॉर्म १०बीई हा देणगीचा दाखला देते, त्याशिवाय वजावट मिळत नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीलाही नाही. ज्या संस्थेला १०बीई काय हेच माहीत नाही तिचा ८०जीचा दावा पोकळ आहे.

दत्तकाच्या बाबतीत नाक जरा तीक्ष्ण ठेवावं लागतं. लस आणि नसबंदीचा खर्च म्हणून हजार-दोन हजार घेणं रास्त आहे. पण दर महिन्याला नवीन पर्शियन किंवा लॅब्राडोर 'रेस्क्यू' होत असतील, प्रत्येकाची 'ॲडॉप्शन फी' बाजारभावाच्या आसपास असेल आणि एकाचीही नसबंदी झालेली नसेल, तर ती विक्री आहे आणि तिला पेट शॉपचे नियम लागतात. खरी संस्था तुमचीच उलटतपासणी घेते: घर भाड्याचं का, खिडक्यांना जाळी आहे का, सुट्टीत कोण बघणार. आणि जमलं नाही तर प्राणी परत घेऊ, असं लेखी देते.

निवाऱ्याची क्षमता पाहायची तर एकच प्रश्न पुरतो: नवीन आलेलं मांजर पहिले चौदा दिवस कुठे असतं? वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळी घाण-पेटी हे उत्तर हवं. "सगळी एकत्रच, प्रेमाने राहतात" असं म्हणणाऱ्या टू बीएचकेमध्ये पॅनल्यूकची साथ आली की पिल्लांची अख्खी खोली रिकामी होते. मनापासून काम करणारी माणसंही इथे चुकतात, कारण नाही म्हणणं त्यांना जमत नाही; देणगीदारांनी संख्येपेक्षा जागेचा हिशेब मागितला तर त्यांनाही सोपं जाईल.

पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार, घुबड, साप, माकड: हे कुणाच्याही घरी 'बरं होईपर्यंत' ठेवता येत नाहीत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ नुसार असा प्राणी सरकारी मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांत पोलिसांना किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. वन विभागाची हेल्पलाइन १९२६.

तक्रार करायची झाली तर

क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, १९६०चाच. प्राण्याचा जीव गेला किंवा तो अपंग झाला असेल तर पोलिसांकडे भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लावायचा आग्रह धरा, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीशिवाय विक्रीची तक्रार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे, प्रत जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला. डॉक्टरांबद्दलची राज्य पशुवैद्यक परिषदेकडे. आजारी पिल्लू विकलं किंवा बोर्डिंगमध्ये हलगर्जी झाली तर ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर दाखल करायला शुल्क लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. त्यासाठी बिल, यूपीआयची पावती, चॅट, पहिल्या दिवशीचा फोटो आणि दुसऱ्या, त्रयस्थ डॉक्टरांचा तारीख घातलेला तपासणी अहवाल लागतो. प्राणी दगावला असेल तर दफन किंवा दहनाआधी शवविच्छेदन करून घ्या, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करता येते. शव बर्फात ठेवा पण गोठवू नका, गोठलेल्या ऊतींमधून कारण नीट वाचता येत नाही.